पोच

"परवाच रिचार्ज मारलं होतं, आज पुन्हा कटलं." समीरनं वडिलांचा फोन टेबलावर ठेवला. "राशिभविष्य, कॉलर ट्यून, क्रिकेट स्कोर. बाबा, तुम्ही क्रिकेट कधीपासून पाहून राहिले? आता एकदा जरी कटलं ना, फोन सीधा कपाटात."

कृष्णरावांनी फोन हळूच आपल्याकडे ओढून घेतला. चरोद्याच्या रेल्वे फाटकावरून रिटायर झाल्यापासून त्यांच्याशी दिवसभर बोलणारा तो फोनच होता.

समीर ड्युटीवर गेला. कीर्ती सासऱ्यांजवळ वाटाणे सोलत बसली. असल्या जाहिरातींचे मेसेज तिलाही येत. मग पैसे यांचेच का कटतात?

टुंग झालं. 'आजचं भाग्य जाणून घ्या. सुरू करण्यासाठी १ पाठवा.'

कृष्णरावांनी चष्मा लावला आणि एका बोटानं १ दाबला. कीर्तीनं त्यांचा हात धरला.

"बाबा, तुम्हाले भाग्य पाहिजे काय?"

"मले कायले पाहिजे आता."

"मग कावून पाठवून राहिले?"

"तिकडचा मानूस थांबून राह्यते ना बेटा." ते समजावू लागले. "स्टेशन मास्तर फोनवर सांगे, गाडी येऊन राहिली. आपण फाटक लावायचं, आन् लागलं म्हणून आपला नंबर द्यायचा. दोन आकडे. ते भेटले का मंग तो सिग्नल देई. नाही दिले, तर गाडी उभी. अख्खी मानसं भरलेली."

कीर्तीच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"बाबा, या मेसेजच्या तिकडे कोणी नाही. मशीन पाठवते."

"मशीनले पोच नाही लागत?"

"नाही."

"मंग त्याले समजते कसं, इकडे कोनी हाये म्हणून?"

कीर्तीनं फोन हातात घेतला. तिनं चालू झालेलं एकेक बंद केलं, कंपनीला सांगून जाहिरातीचे मेसेजही बंद करायला लावले. दोन-चार दिवसांत फोन गप्प झाला. कृष्णराव तो उचलून कानाशी धरत, हलवून बघत. "बिघडला काय वो?"

"नाही बाबा. चांगला आहे."

सोमवारी लेकीला, उर्वीला, नर्सरीतून घेतल्यावर कीर्ती गेटपाशीच थांबली. सासऱ्यांना मेसेज टाकला, 'उर्वीला घेतलं. आम्ही पायी निघून राहिलो.'

चार पावलं झाली नाहीत तोच टुंग झालं.

'४७.'

"कोणाचा आहे, आई?"

"आजोबांचा. चल, सिग्नल भेटला."

दोघी मोठ्या रस्त्यावरून वळून घराच्या गल्लीपाशी आल्या. गल्लीच्या तोंडाशी कृष्णराव आडवा हात करून उभे होते. हातापलीकडे दूधवाल्याची मोटरसायकल, एक ई-रिक्षा आणि एक गाय थांबली होती.