गालांची लाली

बसमधून उतरलो तर आईने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि भर चौकात रडायलाच लागली.

"एदिल, काय दशा झाली रे तुझी! त्या लिमा शहराने पार पिळून काढलं तुला. गालांची लाली कुठे गेली?"

लाली उतरली म्हणून तर लिमाचे डॉक्टर खूश होते. आमच्या डोंगरातल्या गावाएवढ्या उंचीवर रक्त काकवीसारखं दाट होतं, त्याची गुठळी धमनीत अडकली की माणूस जागच्या जागी जातो, आमची ती काळपट लाली म्हणजे त्याचीच खूण. हे सगळं मी आईला समजावून सांगितलं.

"त्यांना काय कळतंय! समुद्राकाठची पांढरीफटक माणसं ती. तुझे बाबा आठव. बटाटे काढता काढता शेतातच कोसळले, पण तोंडावरची लाली हलली नाही. शवपेटीतसुद्धा कसे टवटवीत दिसत होते!"

एवढं बोलून तिला धाप लागली. तिचे गाल बाबांपेक्षा लाल होते आणि ओठ जांभळे.

खाली राहायला चल म्हणून मी वर्षभर विनवत होतो. अल्पाकांना चारायला कोण नेणार, हे तिचं ठरलेलं उत्तर.

या वेळी मी विनवलं नाही. नुसतं म्हणालो, "तिकडे मला पोटभर जेवायला कोण घालतंय, आई?"

आईने डोळे पुसले. अल्पाका शेजारणीच्या हवाली केले, सुकवलेल्या बटाट्यांचं गाठोडं पाठीला बांधलं आणि माझा जीव वाचवायला ती संध्याकाळच्या बसमध्ये चढली.