राखणदारांची मोजणी

गुहेच्या तोंडाशी चपला काढून वनरक्षक नमिता गवसने गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, छताक तडो गेलो हा. बघूक मी एकटीच भितर येतंय. कोणाक त्रास दिवचंय नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मागून तिचे जोडीदार दाजी परब म्हणाले.

कमरेच्या यंत्राने ते वटवाघळांच्या बोलीत आत पोचवलं. ती बोली उलगडल्यापासून गुहेत शिरायला त्यांचा होकार लागायचा, आणि विणीच्या दिवसांत एका वेळी एकालाच मिळायचा. तडा गेल्याचं कळवलंही त्यांनीच होतं; दगडाआड काय आहे, ते त्यांना आवाजावरून कळायचं.

यंत्र बोललं, "दोघं नकोत."

"दाजी, जरा लांब जावा बघू."

दाजी पार वळणापलीकडे गेले. नमिताने पुन्हा विचारलं.

"अजून दोघं आहात."

वटवाघळांशी बोलण्यात नमिताचा हात धरणारं कोणी नव्हतं. चूक यंत्राचीच, म्हणून तिने त्यावर एक थाप मारली. "नीट मोजा गो बायांनो! मी एकटीच आसंय."

आतून पंख सळसळले. पोटाशी पिल्लू धरलेली एक मादी बाहेर आली, नमिताच्या पोटासमोर क्षणभर फडफडली आणि परत अंधारात गेली.

"धाकट्याचं काळीज भरभर चालतंय," यंत्र म्हणालं. "छत अजून तग धरील. तू आधी खाली बस."

नमिता मटकन दगडावर बसली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती.

"व्हय म्हाराजा," ती कशीबशी म्हणाली.