कौतुकाची तक्रार

डार्ला मेटकाफने हातातली फ्रेम व्हरांड्यातल्या टेबलावर पालथी ठेवली आणि म्हणाली, "मिस रोवीना, हे तुमचं तुम्हाला परत."

रोवीना टिप्टनने फ्रेम सुलटी केली. आत तिचाच लेख होता, मासिकातून नीट कापून काचेखाली बसवलेला. डार्लाच्या नवऱ्यावर, वेंडलवर लिहिलेला. त्याने तो स्वयंपाकघरात, जेवायला बसलं की समोर दिसेल असा टांगला होता.

रोवीना आधीच वैतागलेली होती. सकाळपासून दोन फोन झाले होते. एका बँजोवाल्याला त्याच्या नव्या रेकॉर्डबद्दल तिने 'गोड' हा शब्द का वापरला याचा जाब हवा होता. दुसऱ्या एका गाणारणीला आपल्याबद्दल अजून काहीच का लिहिलं नाही याचा. टेनेसीच्या या डोंगरांत दर दुसऱ्या घरात कुणीतरी पदरमोड करून रेकॉर्ड काढलेली असते, आणि ती रोवीनाच्या टपालपेटीत येऊन पडते. कौतुक केलं तर ते कमी पडतं, नाही केलं तर वैर. पण छापून आलेलं कौतुक परत करायला आजवर कुणी आलं नव्हतं.

"यात वाईट काय लिहिलंय मी?"

"वाईट लिहिलं असतंत तर बरं झालं असतं."

मग डार्ला बसली आणि काय झालं ते तिने सांगितलं. वेंडल शाळेच्या बसगाड्यांच्या सरकारी गॅरेजमध्ये मेकॅनिक होता. संध्याकाळी डोब्रो वाजवायचा, मांडीवर आडवी घेऊन पोलादी कांडीने वाजवतात ती गिटार. असे हात पाना धरण्यात वाया जावेत हे या डोंगरांचं दुर्दैव, असं रोवीनाने लिहिलं होतं. ते वाक्य वेंडलने इतक्यांदा वाचलं, की काल गॅरेजमध्ये जाऊन तो नोकरी सोडून आला. धाकट्या लेकीला रोज इन्शुलिन लागतं, आणि घराचा आरोग्यविमा त्या नोकरीवर होता. डार्ला स्वतः वृद्धाश्रमात कपडे धुते, तिथे विमा नाही. गॅरेजचा मुकादम भला माणूस. सोमवारपर्यंत वर कळवत नाही, म्हणाला होता.

"अगं, वाजव म्हणाले मी. नोकरी सोड कुठे म्हणाले?"

"दुसरं काय म्हणालात मग?"

रोवीनाला आणखीच राग आला. डार्लाचं मागणं साधं होतं. घरी चला आणि त्याला सांगा, की वाढवून लिहिलं होतं. माझं नाही, पण तुमचं तो ऐकेल. आपलेच शब्द आपण गिळायचे, तेही खरे असताना, हे आपल्याला जमणार नाही असं रोवीनाने दोनदा सांगून पाहिलं. डार्ला जागची हलली नाही. शेवटी रोवीनाने चडफडत किल्ली उचलली आणि तिच्या गाडीमागे गाडी काढली.

वेंडल घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये वाजवत बसला होता. रोवीनाला पाहून त्याचा चेहरा फुलला. बरं झालं आलात, म्हणाला, आणि नुकतीच सुचलेली एक चाल ऐकवू लागला. रोवीनाने वाटेत चार वाक्यं जुळवून ठेवली होती. चाल संपेपर्यंत त्यांतलं एकच उरलं.

"वेंडल, सोमवारी कामावर जा."

"पण तुम्हीच तर लिहिलंत..."

"लिहिलं. थोडं वाढवून लिहिलं. मासिकात लिहावं लागतं तसं."

 वेंडलने बायकोकडे पाहिलं. "तू तर रोज ऐकतेस, डार्ला. तुला काय वाटतं?"

"मला त्यातलं काय कळतंय?" डार्ला म्हणाली.

वेंडलने कांडी खिशात टाकली. डोब्रो पेटीत ठेवली आणि पेटीचे खटके लावले. मग त्याने विचारलं, "कामाचे कपडे धुतलेस का?"

"धुतलेत."

तो पेटी घेऊन आत गेला.

डार्ला रोवीनाला गाडीपर्यंत पोचवायला आली. रोवीनाचा नुसता संताप झाला होता, वेंडलवर, स्वतःवर, आणि सगळ्यांत जास्त या बाईवर. नवरा एवढं समोरून विचारतोय, तर एक शब्द तरी चांगला बोलायचास, असं ती डार्लाला म्हणाली. खोटं बोलायचं काम मी केलं होतं ना? तू कशाला पुन्हा त्याचं मन मोडलंस?

डार्लाने वाटेवरचं वाळलेलं पान पायाने बाजूला सारलं.

"लग्नाआधीपासून ऐकतेय मी त्याला," ती म्हणाली. "तुम्ही आत्ता लिहिलंत, ते मला तेव्हाच कळलं होतं. त्याला कधी बोलले का मी?"

रोवीनाने गाडीचं दार उघडलं, पण ती आत बसली नाही. घरातून काही ऐकू येतंय का, म्हणून दोघी तशाच उभ्या राहिल्या.