शेफालीमावशीची धुरी

"ताई, ही भिंगं डोळ्यांत बसली की नोंदणी नसलेली परदेशी माणसं दिसणार नाहीत, ऐकूही येणार नाहीत. त्यांना हाकलण्यापेक्षा सरकारला हे सोपं पडतं. घरात कुणी तसं आहे का? भिंगं पुन्हा निघत नाहीत," तंत्रज्ञाने बजावलं होतं. ऋतुजाने उडवून लावलं, "आमच्याकडे कोण असणार?"

दुसऱ्या दिवसापासून तिच्या तान्ह्या जुईला न्हाऊ घालणारी शेफालीमावशी दिसेना. तिचे कागद कुणी कधी विचारलेच नव्हते. तरी रोज सकाळी कुलपात किल्ली फिरायची. मग ऋतुजा बाहेर येऊन पाही, तो जुईची टाळू तेलाने भरलेली, खोलीत ओव्याची धुरी, आणि भिंगं नसलेलं ते तान्हं रिकाम्या जागेकडे बघून खिदळत असे.

"मावशी, चहा ठेवलाय हं," ऋतुजा हवेलाच सांगे. कप रिकामा होई.

सोमवारी किल्ली फिरली नाही. मंगळवारीही नाही. ऋतुजा जुईला कडेवर घेऊन मावशी राहायची त्या नाल्याकाठच्या वस्तीत गेली. तिला सगळ्या झोपड्या ओस दिसत होत्या. प्रत्येक दाराशी थांबून ती लेकीचा चेहरा निरखत राहिली. जुई कुठेच हसली नाही.

तुमच्या डोळ्यांत अजून भिंगं बसली नसतील, तर नाल्याकाठी एकदा डोकावून या. मावशी आजारी पडली असेल, तर निदान पाणी तरी द्या.