एकच पैंजण

वांग्यांचा भाव ठरेपर्यंत त्रिशा दिपमालाच्या डाव्या हाताला होती. पिशवी उचलली, तर हात रिकामा.

उजव्या हाताला सात वर्षांचा योगराज होता, डोळे जिलबीवर. "त्रिशा कुठे गेली रे?"

"इथंच होती ना, मम्मी."

खरं तर त्रिशाच्या तुटक्या पैंजणाला सोनाराकडून कडी बसवून घ्यायची आणि सरळ घर गाठायचं, एवढंच काम होतं. पण भरताची वांगी दिसली आणि दिपमालाला मोह झाला. आता घ्या वांगी. चोपड्याचा बाजार, त्यात मुंगी शिरायला जागा नाही, आणि चार वर्षांची पोर.

बरं, पोर काय साधीसुधी? दिवसभर पोपटासारखी बोलणारी. तेच तर दिपमालाचं दुखणं होतं. सोमवारी इंग्लिश शाळेत मुलाखत, आणि ही आजीसारखी अहिराणीत 'माले दे', 'मी जास' करायची. सकाळीच तिनं सासूला, भिकुबाईंना, सुनावलं होतं, "आई, हिच्याशी शुद्ध बोलत चला." रिक्षात पोरीलाही दम भरला होता, "बाजारात तसलं बोललीस तर बघ. नीट येत नसेल तर तोंड बंद."

चादरवाल्यानं भोंग्यावरची रेकॉर्ड थांबवली. "एक धाकली पोर सापडनी शे. मुकी शे. जेस्नी व्हई तेस्नी लई जा."

"मम्मी, तिकडे जाऊ या?"

"मुकी आहे रे ती. असेल कुणाची तरी बिचारी." योगराजला फरफटत ती नेमकी उलट्या बाजूला धावली.

मिरचीचे ढीग पाहिले, केळीच्या गाड्यांखाली वाकून पाहिलं. पुढे रस्ता होता, रस्त्यावर ट्रक. देवीला नारळ बोलून झाला, मग साडी बोलून झाली. भोंगा पुन्हा मुक्या पोरीचं सांगू लागला तेव्हा तिला त्याचा रागच आला. माझी हरवलीय, आणि याचं एकच पालुपद.

तिसऱ्यांदा भोंग्यानं एक वाक्य जास्तीचं सांगितलं. "पायमा एकच पैंजण शे."

दुसरं दिपमालाच्या पर्समध्ये होतं.

लोकांना ढकलत ती चादरवाल्याच्या पालाशी पोचली. त्याची म्हातारी आई यशोदाबाई त्रिशाला गोडशेव भरवत होती. "बठ्ठासनी विचारं," म्हातारी जमलेल्या सगळ्यांकडे हात करत म्हणाली. "एक सबद बोलनी नही लेकरू."

दिपमालानं पोरीला उराशी धरलं, मग खांदे धरून गदागदा हलवलं. शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली होती. "नाव काबर नही सांगं, माय? काबर नही सांगं?"

त्रिशानं आधी आजूबाजूला पाहिलं. मग आईचा कान ओढून तोंडापाशी आणला आणि अगदी हळू म्हणाली, "मम्मी, माले नीट येत नही ना."