चांगल्या सालची शॅम्पेन

मावशीने तीन ग्लास पांढऱ्या कागदावर ओळीने मांडले आणि भाचीला म्हणाली, "हं, कर सुरुवात."

तिन्ही शॅम्पेन मानाच्या. वेगवेगळ्या सालांची मिसळ नव्हे, एकेकाच चांगल्या सालच्या द्राक्षांची. त्यांतला फरक भाचीने नीट सांगितला, तर चाखणीच्या खोलीतली मावशीची खुर्ची तिची. नाहीतर बाहेरचं कुणी येणार. मोठमोठी हॉटेलं मावशीच्या एका शब्दावर माल घेत.

अडचण एवढीच, की चार महिन्यांपूर्वी साध्या सर्दीत भाचीचं नाक जे गेलं, ते सर्दी गेली तरी परतलं नव्हतं. घरी दूध करपलं तरी शेजारणीने येऊन सांगावं लागे. इथे तिने ब्र काढला नव्हता. बारा वर्षांची मेहनत होती. चार महिने डोळ्यांवरच निभावलं होतं.

"ग्लासाशी लग्न नाही लावायचंय," मावशी म्हणाली. "बोल."

पहिली फिकट, हिरवट झाकेची. म्हणजे नुसत्या पांढऱ्या द्राक्षांची. लिंबाची साल, ओला खडू, असं भाचीने सांगितलं. जिभेला आंबट तेवढं कळत होतं, तेही जोडून दिलं.

मावशीची भुवई वर गेली. बरोबर असलं की ती जायची, हे भाचीला पाठ होतं.

दुसरीत तांब्याची पुसट छटा. काळी द्राक्षं. अंगाने भरलेली, तिने सांगितलं, चेरीच्या वासाची. भुवई पुन्हा वर.

तिसरी जुन्या सोन्यासारखी. बुडबुडे मोहरीहून बारीक, आणि त्यांना वर यायची मुळीच घाई नाही. दहा-बारा वर्षं बाटलीत यीस्टच्या गाळावर निजलेली असणार.

"भाजलेले बदाम," भाची म्हणाली. "ताजा पाव."

"अजून?"

"अजून... मध." हा अंधारात मारलेला दगड होता.

मावशी ग्लासावर वाकली. डोळे मिटून लांब श्वास घेतला. मावशी नेहमी तिलाच आधी बोलायला लावायची. मी बोलले तर तुझं नाक आळशी होईल, म्हणायची. आता चोरी पकडली जाणार.

"मध," मावशी पुटपुटली आणि वहीत लिहून घेतलं. मग उठली, भाचीला खांद्याला धरून आपल्या खुर्चीत बसवलं आणि पाठीवरून हात फिरवला.

त्या हाताने भाचीचा धीर सुटला. खुर्ची गेली तर गेली, निदान मावशीला तरी फसवायला नको.

"मावशी, एक सांगायचंय."

"आधी माझं ऐक." मावशीने दाराला कडी घातली आणि आवाज खाली आणला. "आता खुर्ची तुझी झाली, म्हणून बोलते. तीन वर्षं झाली, मला कशाचाच वास येत नाही. तुझ्या नाकावर रेटलं गं सगळं."