आमचं निळं दार

"काका, जरा बाजूला व्हा, फोटोत येताय," फोटोग्राफर म्हणाला. मी दुधाची पिशवी घेऊन आमच्याच दारासमोर उभा होतो.

घरमालक रंग लावून देईनात, म्हणून बायकोनं लोकांकडचे उरलेसुरले रंग मागून आणून भाड्याच्या घराचं दार निळं केलं, तेलाच्या डब्यांत सदाफुली लावली. तेव्हापासून लग्न ठरलेली जोडपी फोटोसाठी इथं रांग लावतात. आज तर घरमालकही सपत्नीक रांगेत होते.

"मला निदान घरात तरी जाऊ द्या."

"यांचं सगळ्यांचं होऊ द्या, मग जा."

तेवढ्यात दार उघडलं. बायको ठेवणीतली पैठणी नेसून, गजरा माळून बाहेर आली. आमचं लग्न कचेरीत घाईघाईनं उरकलेलं. फोटो एकही नाही.

"दूध द्या इकडे," ती म्हणाली, "आणि केस विंचरून रांगेत उभे राहा. मालकांनंतर आपला नंबर आहे."